टूलबारची कहाणी : बटण कुणासाठी असतं?

गेल्या सुट्टीत भाची घरी आली होती. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली ही मुलगी आता कम्प्युटरच्या डिप्लोमाला आहे. जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मामू, इसमें चलानेका बटन किधर है?"

मी पाहिलं. 'सी' भाषेतला छोटासा प्रोग्राम होता, बेरजेचा. लिहिला बरोबर होता. पण नव्यानं टाकलेल्या व्हीएस कोडमध्ये तो चालवायचं त्रिकोणी बटण दिसत नव्हतं. त्या भाषेचं एक्स्टेन्शन टाकल्याशिवाय ते दिसतच नाही. कॉलेजात तिला सांगितलं होतं, कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबायचं आणि हवी ती कमांड टाइप करायची. तिची अडचण साधी होती. कमांडचं नावच माहीत नसेल तर टाइप काय करणार?

तिला बटण मिळवून दिलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. प्रोग्रामरच्या पडद्यावर वरच्या बाजूला चित्रांची जी एक पट्टी असते, तिला टूलबार म्हणतात. ती इतकी सवयीची झालीय, की तिलाही इतिहास आहे हे आपल्या लक्षात येत नाही. ही पट्टी आली कुठून? आणि आता ती हळूहळू नाहीशी का होतेय? मला विचाराल तर हा प्रश्न केवळ सजावटीचा नाही. एखादं साधन काय काय करू शकतं, हे कुणाला दिसतं आणि कुणाला ते आधीच ठाऊक असावं लागतं, असा तो प्रश्न आहे.

पाठांतराचा काळ

साठ-सत्तरच्या दशकात प्रोग्राम लिहिणं म्हणजे बहुतेक ठिकाणी कार्डांना भोकं पाडणं होतं. कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची. एक स्वल्पविराम चुकला तरी पुन्हा तीच फेरी. पुढं टर्मिनल आले, पण कामाचे तुकडे वेगळेच राहिले. लिहायला एक प्रोग्राम, त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करायला दुसरा, जोडणीला तिसरा, चूक शोधायला चौथा. प्रत्येकाची आज्ञा वेगळी आणि ती तोंडपाठ हवी. १९७६ च्या सुमारास आलेले 'व्हीआय' आणि 'इमॅक्स' हे एडिटर आजही नावाजले जातात. पण त्यांच्या पडद्यावर नवख्याला हात धरून नेणारं काही नव्हतं. ज्याला आज्ञा पाठ, तो उस्ताद. ज्याला नाही, त्याला बाहेर कसं पडायचं हेही कळत नसे.

ही सगळी कामं एका छताखाली आणायचे प्रयत्न तेव्हाच सुरू झाले होते. म्युनिकच्या सॉफ्टलॅब कंपनीची 'माएस्त्रो' ही यंत्रणा १९७५ ची. तिला जगातलं पहिलं एकात्मिक प्रोग्रामिंग साधन मानलं जातं. अशा साधनाला आज आपण आयडीई म्हणतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ॲलन के, ॲडेल गोल्डबर्ग, डॅन इंगल्स ही मंडळी 'स्मॉलटॉक' घडवत होती. त्यात खिडक्या होत्या, माऊस होता, कोड चाळायचा ब्राउझर होता. पण ही यंत्रं मोठ्या संस्थांकडं. सामान्य माणसाच्या टेबलावर त्यांचं काय काम?

निळा पडदा आणि खालची ओळ

ते काम केलं टर्बो पास्कलनं. नोव्हेंबर १९८३ मध्ये फिलिप कान यांच्या बोर्लंड कंपनीनं ते बाजारात आणलं. त्याचा कम्पायलर अँडर्स हेल्सबर्ग या डॅनिश तरुणानं लिहिलेला होता. किंमत ४९.९५ डॉलर. त्याकाळी कम्पायलरला शेकडो डॉलर मोजावे लागत. एडिटर आणि कम्पायलर एकाच प्रोग्राममध्ये होते. सुरू केलं की पडद्यावर शब्दांची छोटी यादी दिसे. प्रत्येक शब्दाचं एक अक्षर उठावदार. एडिटसाठी ई, कम्पाइलसाठी सी, रनसाठी आर. बटण नव्हतं, चित्र नव्हतं, पण काय काय करता येतं ते समोर लिहिलेलं होतं. माझ्या मते टूलबारची नाळ इथं आहे.

याच घराण्यातलं पुढचं साधन महाराष्ट्रातल्या हजारो मुलांनी हाताळलंय. टर्बो सी++. निळा पडदा, पिवळी अक्षरं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये दहा-बारा कम्प्युटर होते. त्यातले सात-आठ चालू असायचे. एका यंत्रापुढं तिघं. इंग्रजी आमचं यथातथाच. पण पडद्याच्या तळाशी एक राखाडी ओळ होती. एफ१ म्हणजे मदत, ऑल्ट-एफ९ म्हणजे कम्पाइल, एफ९ म्हणजे मेक, एफ१० म्हणजे मेन्यू. माऊस असेल तर त्या ओळीवर थेट क्लिकही करता यायचं. म्हणजे तो शब्दांनी लिहिलेला टूलबारच होता. फक्त वर नव्हता, खाली होता.

गंमत म्हणजे प्रोग्राम चालवायची कंट्रोल-एफ९ ही जोडी त्या ओळीत नव्हती. आणि चालवल्यावर उत्तर पाहायची ऑल्ट-एफ५ ही जोडीही नव्हती. प्रोग्राम चालायचा, पडदा क्षणभर लखलखायचा आणि पुन्हा निळा. उत्तर गेलं कुठं? पहिल्या आठवड्यात आमच्यापैकी निम्म्यांना वाटलं, आपलाच प्रोग्राम चुकलाय. शेजारच्या बाकावरच्या मुलानं ऑल्ट-एफ५ सांगितलं तेव्हा कुठं उजेड पडला. त्याचा मोठा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला होता, त्यानं त्याला सांगितलं होतं. ज्याला भाऊ नाही, त्याचं काय? जे पडद्यावर नसतं ते ओळखीतून मिळतं, आणि ओळखी सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. ही गोष्ट मला त्या लॅबमध्ये पहिल्यांदा कळली.

शब्दांकडून चित्रांकडं

चित्रांची वाट दुसरीकडून आली. 'आयकॉन' हा शब्द कम्प्युटरच्या दुनियेत रुजवला डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी. स्टॅनफर्डमधल्या १९७५ च्या 'पिग्मॅलियन' या प्रबंधात त्यांनी तो वापरला. पुढं ते झेरॉक्सच्या 'स्टार' यंत्रावर काम करू लागले. १९८१ मध्ये आलेल्या या यंत्राच्या पडद्यावर कागद, फोल्डर, टपालाची पेटी अशी चित्रं होती. यंत्र महाग होतं, फारसं खपलं नाही. पण कल्पना टिकली.

२४ जानेवारी १९८४ ला ॲपलचं मॅकिंटॉश आलं. त्याची चित्रं सुझन केअर यांनी आखलेली. त्या मूळच्या चित्रकार, प्रोग्रामर नव्हेत. चौकटीच्या वहीवर बत्तीस बाय बत्तीस घरं आखून, एकेक घर काळं करत त्या चित्र बसवत. त्याच यंत्रावर बिल ॲटकिन्सन यांचा 'मॅकपेंट' होता. त्यात डाव्या बाजूला पेन्सिल, ब्रश, खोडरबर, रंगाची बादली अशी हत्यारं चौकटीत मांडलेली. सुताराच्या भिंतीवर पटाशी, रंधा, करवत टांगलेली असते तशी. हत्यार दिसतं, उचलायचं, वापरायचं. नाव पाठ करायची गरज नाही.

ही भिंत आडवी होऊन पडद्याच्या वरच्या कडेला आली ती मुख्यतः ऑफिसच्या कामासाठी. १९९० च्या मायक्रोसॉफ्ट एक्सेल ३.० मध्ये टूलबार होता आणि त्यात बेरजेचं ग्रीक सिग्माचं बटणही. हिशेब करणाऱ्याला सूत्र टाइप करावं लागू नये, एका क्लिकमध्ये रकाना बेरजेला लागावा, हा हेतू.

प्रोग्रामरच्या दुनियेत ती पोहोचायला फार वेळ लागला नाही. २० मे १९९१ ला अटलांटामध्ये मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल बेसिक जाहीर केलं. त्याच्या मुळाशी ॲलन कूपर यांनी बनवून विकलेलं एक साधन होतं. आता बटणं, चौकटी, याद्या हत्यारपेटीतून उचलून फॉर्मवर ठेवायच्या आणि मग त्यांच्यामागं कोड लिहायचा. १९९३ मध्ये व्हिज्युअल सी++ आलं. त्याच्या स्वतःच्या पडद्यावर टूलबार होताच. शिवाय त्यातल्या ॲपविझार्डला सांगितलं, की तुमच्या नव्या प्रोग्रामलाही तो तयार टूलबार लावून देई. नव्वदच्या दशकात विंडोजच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला ही पट्टी का दिसायची, याचं एक कारण इथं सापडतं. कारखान्यातच साचा बसवलेला होता.

१४ फेब्रुवारी १९९५ ला बोर्लंडनं डेल्फी आणलं. शिल्पकार पुन्हा हेल्सबर्गच. टूलबारला बोर्लंड 'स्पीडबार' म्हणायचं. शेजारी घटकांची रंगीत पट्टी. डेल्फीवर काम केलेला माणूस आजही त्या पट्टीची आठवण काढतो.

चित्र वाचायचं कसं?

पण चित्रालाही वाचावं लागतं. सोळा ठिपक्यांच्या चौकटीत 'कम्पाइल' हा शब्द कसा काढणार? बाण, कागद, गिअर, काही काढलं तरी अंदाजच बांधावा लागतो. यावर तोडगा निघाला तो टूलटिपचा. बाण बटणावर क्षणभर थांबवला की शेजारी छोट्या चौकटीत नाव उमटतं. ॲपलनं १९९१ मध्ये 'बलून हेल्प' आणली होती, पण ती चालू केली की फुगेच फुगे. टूलटिप मात्र गप्प राहते, विचारलं तरच सांगते. कूपर यांनी १९९५ च्या 'अबाउट फेस' या पुस्तकात टूलबार आणि टूलटिप यांच्या जोडीचं भरभरून कौतुक केलंय. त्यांचा मुद्दा नेमका होता. मेन्यू हा नवख्याला शिकवण्यासाठी असतो, टूलबार रोज वापरणाऱ्याच्या हाताशी असतो, आणि त्या दोघांमधला पूल टूलटिप बांधते.

या चित्रांत किती जुना काळ गोठून राहिलाय पाहा. सेव्हसाठी फ्लॉपीचं चित्र. सोनीनं जपानमध्ये फ्लॉपीची विक्री मार्च २०११ मध्ये थांबवली. माझ्या भाचीनं फ्लॉपी हातात धरलेली नाही. तरी तिला ते चित्र कळतं, कारण तिच्या लेखी तो सेव्हचाच आकार आहे. चूक शोधण्याच्या बटणावर किडा. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क-२ यंत्रात सापडलेला पतंग तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला. ग्रेस हॉपर यांच्यामुळं तो किस्सा जगभर गेला. दोषाला 'बग' म्हणायची रीत इंजिनिअरांत त्याआधीपासून होती, पण पतंगामुळं तिला चेहरा मिळाला.

आणि चालवायचा तो त्रिकोण. तो टेपरेकॉर्डरमधून आला. इथं एक बारकावा आहे. उर्दू किंवा अरबीसाठी पडद्याची मांडणी करताना सगळं उजवीकडून डावीकडं फिरवतात. मागं जायचा बाणही उलटा होतो. पण तो त्रिकोण फिरवत नाहीत. कारण तो लिपीची दिशा सांगत नाही, फीत कुठल्या बाजूला सरकते ते सांगतो. भाची उजवीकडून वाचायला शिकलेली. तरी या त्रिकोणापाशी ती कधी अडली नाही. इंग्रजी शब्दापाशी मात्र अडली.

पट्टीची गर्दी

चांगली गोष्ट वाढत गेली की तिचंच ओझं होतं. टूलबार हलवता येऊ लागले, कडेला चिकटवता येऊ लागले, स्वतःचे बनवता येऊ लागले. २००३ च्या वर्डमध्ये तर टूलबारची संख्या तीसच्या वर गेली होती. शेवटी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ऑफिसमधून जुनी रचना काढून 'रिबन' आणली. आयडीईत टूलबार टिकला, पण तिथंही तीच गत. डेटाबेससाठी एक पट्टी, फॉर्मच्या मांडणीसाठी एक, चुका शोधायला एक. सगळ्या लावल्या तर कोड लिहायला जागा किती उरणार?

यावर उपाय म्हणून डिझाइनरांनी रंगच काढून घेतले. २०१२ च्या सुरुवातीला व्हिज्युअल स्टुडिओची नवी चाचणी आवृत्ती आली तेव्हा टूलबारची चित्रं करडी झाली होती. कोडकडं लक्ष राहावं, पट्टीनं ते खेचू नये, अशी भूमिका होती. प्रोग्रामर खवळले. चित्र ओळखायला रंगाचा किती आधार होता हे रंग गेल्यावर कळलं. पुढच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टला काही चित्रांना रंग परत द्यावे लागले. बटणाचा रंग ही क्षुल्लक बाब वाटते. पण दिवसातले आठ तास ज्याचा हात तिथं जातो, त्याला ती क्षुल्लक नसते.

ज्याला चित्र दिसत नाही

इथवर मी टूलबारची बाजू घेतली. पण या कहाणीला दुसरी बाजू आहे आणि ती पुण्यातून जाते.

टी. व्ही. रमण पुण्यात वाढले. चौदाव्या वर्षी काचबिंदूनं त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुण्यात गणिताची पदवी, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून १९९४ मध्ये डॉक्टरेट. गणिती मजकूर बोलून दाखवणारी यंत्रणा हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. लगेच पुढं त्यांनी 'इमॅकस्पीक' लिहिलं. इमॅक्स हा जुना, आज्ञांवर चालणारा एडिटर बोलता करणारं हे साधन.

त्यांनी रंगीत टूलबारवाला आयडीई न निवडता इमॅक्स का निवडला असेल, याचा विचार केला की टूलबारची मर्यादा कळते. डोळस माणसाला चित्रांची पट्टी म्हणजे उघडं दार. अंध माणसाला, त्या चित्रामागं नाव लिहिलेलं नसेल तर, ती भिंत. इमॅक्समध्ये प्रत्येक कृतीला नाव आहे आणि नाव बोलता येतं. पाठांतराचा म्हणून मी वर ज्या काळाला नावं ठेवली, त्याच काळातल्या साधनानं एका अंध प्रोग्रामरला पूर्ण स्वातंत्र्य दिलं.

म्हणून चित्र विरुद्ध शब्द असा वाद घालण्यात अर्थ नाही. प्रत्येक बटणाला वाचता येईल असं नाव हवं आणि प्रत्येक नावाला सापडेल अशी जागा हवी. टूलटिपच्या वेळीच ही गोष्ट लोकांच्या लक्षात आली होती. मायक्रोसॉफ्टनं मध्यंतरी व्हिज्युअल स्टुडिओसाठी 'क्लिप' नावाची सोय दिली होती. इंग्रजी बटणावर बाण नेला, की टूलटिपमध्ये दुसऱ्या भाषेतला अर्थ दिसे. त्या भाषांत हिंदीही होती. पडदा इंग्रजीच, पण शेजारी कुणीतरी हळूच अर्थ सांगतंय. आमच्या लॅबमध्ये हे काम शेजारच्या बाकावरचा मुलगा करायचा.

बटणं गेली, शोधपेटी आली

२९ एप्रिल २०१५ ला व्हीएस कोड जाहीर झालं. त्यामागं एरिक गामा होते. एक्लिप्स हा २००१ मध्ये खुला झालेला, टूलबारांनी भरलेला आयडीई घडवणाऱ्यांतही तेच होते. नव्या साधनात मात्र वरची पट्टी जवळजवळ गेली. डाव्या कडेला मोजकी चिन्हं राहिली आणि बाकी सगळं कमांड पॅलेटमध्ये. सब्लाइम टेक्स्टनं रुळवलेली ही पद्धत. कीबोर्डवरून हात न उचलता कृतीचं नाव टाइप करायचं. अनुभवी माणसाला याहून वेगवान काही नाही. हजारो कृती, जागा शून्य. जेटब्रेन्सच्या नव्या मांडणीतही पट्टी अशीच आक्रसलीय.

पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. व्हीएस कोडमध्ये डिबगिंग सुरू केलं की वरच्या बाजूला एक छोटा टूलबार तरंगत येतो. सहा बटणं. पुढं चालू ठेव, एक ओळ ओलांड, फंक्शनच्या आत जा, बाहेर ये, पुन्हा सुरू कर, थांबव. पट्टी मोडीत काढणाऱ्यांनाही ही सहा बटणं काढता आली नाहीत. कारण प्रोग्राम अधांतरी थांबलेला असतो, डोकं चुकीच्या शोधात गुंतलेलं असतं, त्यावेळी आज्ञेचं नाव आठवत बसायला कुणाला फुरसत नसते. हत्यार हाताशी दिसलंच पाहिजे.

मी भाचीला तेच दाखवलं. एक्स्टेन्शन टाकल्यावर त्रिकोण उगवला. तिला म्हटलं, आधी प्रत्येक बटणावर बाण थांबव आणि काय नाव येतं ते वाच. शेजारी शॉर्टकट लिहिलेला असतो, तोही बघ. एफ१० म्हणजे ओळ ओलांडणं, एफ११ म्हणजे आत शिरणं. पंधरा दिवस बटणावर क्लिक कर, मग बोटं आपोआप कीबोर्डवर जातील. नंतर पॅलेट उघडशील तेव्हा नावं ओळखीची वाटतील. म्हणजे आधी डोळ्यांनी, मग बोटांनी, मग शब्दांनी.

तिनं वहीत दोन रकाने आखले. एकात इंग्रजी नाव, दुसऱ्यात उर्दूत अर्थ. 'स्टेप इनटू' पुढं काय लिहावं यावर थोडा वेळ अडली, मग 'अंदर जाओ' लिहिलं. परत जाताना म्हणाली, "मामू, हमारे बॅच की लडकियोंको भी ये कागद देती मैं." मला आमच्या लॅबमधला ऑल्ट-एफ५ सांगणारा मुलगा आठवला.